गवराईची ओळ

डॉक्टरनं माझ्या घशात नळी घालून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, आवाजाच्या पट्ट्यांवर गाठी आल्यात. काढून टाकू. पण त्यानंतर तीन महिने बोलायचं न्हाई, ओरडायचं न्हाई आणि गाण्याचं तर नावच काढायचं न्हाई. न्हाईतर आवाज कायमचा जाईल."

मी विचारलं, "आणि भांडायचं?"

तो हसायला लागला. मी काय विनोद केला नव्हता. आमच्या घरात गोठा हाय, चार म्हशी हायत, नवऱ्याला कानानं कमी ऐकू येतंय आणि गल्लीत रोज कुणीतरी आमच्या दारात गाडी लावून जातंय. माझं सगळं आयुष्य आवाजावर चाललंय. म्हशीसुद्धा माझ्या हाकेवर उठतात, नवरा हाका मारून दमला तरी ढिम्म बसून राहतात.

मी आक्काताई पोवार. आमच्या गल्लीच्या झिम्मा-फुगडी मंडळाची म्होरकी. म्होरकी म्हणजे जी ओळ टाकते ती. तिनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागनं झेलायची. टाळी तिच्यावर, पाय तिच्यावर. म्होरकी गडबडली की एकीचा पाय दुसरीच्या पायावर पडलाच म्हणून समजा. मी सून म्हणून या गल्लीत आले, तवापासनं ओळ टाकतेय. आमची गल्ली म्हणजे सगळी भेसळ हाय. पुढच्या बाजूला आम्ही मराठे, मधी शिकलगार, कोपऱ्यावर कांबळे, मागच्या बोळात जैन पाटील. सगळ्यांच्या बायका मंडळात. घरात काय वाट्टेल ते असू दे, टाळी एका वेळेला पडली पाहिजे, एवढाच माझा नियम.

दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं. घरी आले ती तोंडाला कुलूप लावूनच. कुजबुजायलाबी बंदी होती, कुजबुजल्यानं जास्त ताण येतो म्हणे. माझ्या सुनेनं, संयोगितानं, मला एक पाटी-पेन्सिल आणून दिली. म्हणाली, "आत्ती, काय पाहिजे ते लिहा." आता राग पाटीवर लिहिता येतो का? मी चिडून चार शब्द लिहीपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन निघून गेलेला असायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात 'सगळ्यांचं कोल्हापूर' नावाचा महोत्सव निघाला. शहरातल्या सगळ्या लोकांच्या कला एका मैदानावर, जानेवारीत. विश्वजित म्हणून एक पोरगा हाय, कार्यक्रमांचं सगळं तोच बघतो. तो घरी येऊन सांगून गेला, "काकी, तुमच्या मंडळाशिवाय झिम्मा कुणाचा घालायचा? तुम्ही पाहिजेच." मी पाटीवर लिहिलं, 'येतो'. लिहून झाल्यावर ध्यानात आलं की ओळ टाकणार कोण?

सगळ्यांनी आपलं धरूनच ठेवलतं, संयोगिता. पोवारांची सून, घरातलं घरातच राहील. संयोगिता शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पोरगी सोन्यासारखी हाय, मी तिला कधी नावं ठेवणार न्हाई. पण तिचा आवाज म्हणजे फळ्यावर 'शांत बसा' म्हणणारा आवाज. पहिली ओळ खाली, दुसरी वर, तिसरीला दम संपलेला. मला कान हायत की. आवाज गेलाय, कान न्हाई गेले.

आणि मंडळात खरा आवाज कुणाचा, हे मला आधीपासनं ठाऊक होतं. बयाबाई कांबळेचा. बयाबाई पोस्टात नोकरीला हाय, काउंटरवर बसते. तिथंबी तिचा आवाज रांगेच्या शेवटापर्यंत जातोय. मंडळात पंधरा वर्षं तरी झाली तिला. तिला मीच आणलं होतं. गल्लीत झिम्मा चालला होता, ही आपली दारात उभारून बघत होती आणि पाय मात्र जागच्या जागी हलत होते. मी हाताला धरून आत ओढली. "पाय हलायला लागले की आत यायचं," असं सांगितलं. तवापासनं ती माझ्या शेजारची.

म्हणून तालमीच्या वरच्या हॉलात सगळ्या जमल्यावर मी पाटीवर ठळक अक्षरात लिहिलं, 'म्होरकी बयाबाई', आणि पाटी वर धरली.

चिमणाबाईनं, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात थोरलीनं, चष्मा लावून दोनदा वाचलं. संयोगितानं सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. आणि बयाबाई म्हणाली, "आक्का, मी ओळ टाकीन. मला आनंदच हाय. पण सुरुवातीचं गवराईचं गाणं मी म्हणणार न्हाई. ते सोडून सगळं."

मी पाटीवर लिहिलं, 'का?'

"आम्ही बौद्ध हाय, आक्का. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. त्यात गौरी-गणपती मानणार न्हाई म्हणून आहे. मला गवराईचं नमन म्हणता येत न्हाई."

"आगं, पण इतकी वर्षं म्हणत आलीस की!" चिमणाबाई म्हणाली.

"न्हाई म्हटलं," बयाबाई म्हणाली. "एकदाबी न्हाई. त्या ओळीला मी तोंड मिटून घेते."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! पंधरा वर्षं ही बाई माझ्या खांद्याला खांदा लावून उभी हाय. कुणाचा सूर अर्ध्या पट्टीनं घसरला तरी मला कळतो. कुणाचा नवरा रात्री भांडलाय, ते मी सकाळच्या टाळीवरनं सांगते. आणि ही शेजारी गप उभी असते आणि मला पत्ता न्हाई? मी पाटी खाली ठेवली आणि तोंड उघडलं. डॉक्टर गेला खड्ड्यात.

"मला सांगितलं का न्हाईस?" घशातनं नुसती हवा आली.

"तू विचारलं न्हाईस. आणि तुझी ओळ माझ्यामुळं कधी अडली न्हाई. मग सांगायचं कशाला?"

एवढं सरळ बोलली ना, की माझा राग आणखीनच वाढला. मी पाटी उचलली आणि तरातरा खाली आले. जिन्यावर संयोगिता मागनं आली. "आत्ती, पाण्याची बाटली विसरलीसा." मी ती बाटलीबी घेतली न्हाई.

पुढचे आठ-दहा दिवस संयोगितानं ओळ टाकली. बयाबाई रोज यायची, आपल्या जागेवर उभारायची, टाळी द्यायची. रुसणं न्हाई, फुगणं न्हाई. आणि मी भिंतीला पाठ लावून बसायचे आणि माझा जीव तुटायचा. संयोगिता बिचारी मान ताठ करून गायची. गवराईच्या गाण्याला चिमणाबाई तिला सावरून घ्यायची, पण पुढं फुगड्यांची गाणी लागली की सगळी दाणादाण. एक दिवस दोघी जणी एकमेकींवर अशा आदळल्या, की एकीच्या कपाळाला टेंगूळ आलं.

घरी आल्यावर संयोगिता माझ्यासमोर बसली. "आत्ती, एक बोलू? मला हे नको हाय. मी तुमचा मान म्हणून उभी राहते. पण माझ्या गाण्यानं मंडळ बुडणार हाय, आणि ते माझ्याच माथ्यावर येणार हाय. लोक म्हणतील, सुनेच्या हातात दिलं आणि संपलं."

मी पाटीवर लिहिलं, 'मग काय करू?'

"ते मला काय ठाऊक? कांबळे काकींकडं जावा. पाटी घेऊन नका जाऊ. पाटीवर तुम्ही नुसते हुकूम लिहिता."

सून असून तोंडावर बोलली. खरं होतं म्हणून मी गप बसले. तसंही गपच बसायचं होतं.

रविवारी दुपारी बयाबाईकडं गेले. तिनं दार उघडलं, काही न विचारता आत घेतलं. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली कपाटात नातीच्या स्पर्धांचे कप. तिनं चहा टाकला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसले आणि हळूच, घशाला न ताणता म्हटलं, "बया, एकच गाणं हाय. चार ओळी. नुसतं तोंडानं म्हण. मनात तू काय वाट्टेल ते धर. कोण तुझ्या मनात बघायला येतंय?"

"मीच बघतेय की," ती म्हणाली.

चहा गाळता गाळता ती सांगायला लागली. "माझ्या आजीला झिम्म्याचं लय वेड होतं. जयसिंगपूरजवळ आमचं गाव. गवराई आली की गावात झिम्मा घालायचे, आणि आजी लांब चिंचेखाली उभारून बघायची. आत यायला बंदी. आमची सावलीसुद्धा नको होती त्यांना. तिथं उभारून उभारून तिनं सगळी गाणी पाठ केली. घरी आली की परसात एकटी म्हणायची, एकटीच टाळी द्यायची. मग छप्पन सालानंतर आम्ही सगळे बौद्ध झालो. पुढं काही वर्षांनी काळ बदलला, गावातल्या दोन चांगल्या बायका आजीला म्हटल्या, ये गं आता आत, कोण काय म्हणत न्हाई. आजी म्हटली, आता मी येत न्हाई. आधी तुम्ही मला बाहेर उभी केली होतीसा. आता गवराईच्या गाण्याला मी माझ्या मनानं बाहेर हाय."

तिनं कप माझ्या हातात दिला.

"दोन्हीत फरक हाय, आक्का. मला झिम्मा आवडतोय. फुगडी तर लय आवडतीय. तू हात धरून ओढलीस, मी आले, आणि मला कधी पस्तावा झाला न्हाई. पण ती ओळ मी म्हटली, तर माझी आजी परत त्या चिंचेखाली जाऊन उभारली असं होईल. तू म्हणशील तर मी मंडळ सोडते. म्हणणार मात्र न्हाई."

मला रडू आलं. रडताना आवाज काढायचा न्हाई म्हणजे काय असतंय, ते त्या डॉक्टरला कुणीतरी सांगायला पाहिजे. बयाबाईनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "चहा गार व्हायला लागलाय."

दुसऱ्या दिवशी हॉलात मी पाटी न घेता गेले. संयोगिताला माझ्या वतीनं बोलायला लावलं. ती म्हणाली, "आत्तींचं म्हणणं हाय की म्होरकी कांबळे काकीच. गवराईचं नमन दुसऱ्या कुणीतरी म्हणायचं. तेवढं झालं की काकींनी पुढं व्हायचं."

"दुसरं कोण?" चिमणाबाई म्हणाली. "माझा दम पुरत न्हाई. तू बेसूर हाईस, राग मानू नको. आणि गवराईशिवाय झिम्मा मी तरी घालणार न्हाई, सांगून ठेवते."

सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. तेवढ्यात मागनं दिलशाद शिकलगार म्हणाली, "मी म्हणते की."

दिलशादच्या नवऱ्याचं कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान हाय. बाई सडपातळ, आवाज पातळ पण नितळ. सगळ्या तिच्याकडं वळल्या.

"मला सगळं पाठ हाय," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तवापासनं ऐकतेय. माझा धाकटा हेच गाणं ऐकत झोपायचा."

"आगं, पण तुला चालतंय व्हय?" चिमणाबाईनं विचारलं.

"मोहरमला तुमच्या घरातनं पीराच्या पंजाला गोड चोंग्यांचा निवद येतो. तवा तुमची गवराई रुसली का? मग मला काय होतंय? गाणं हाय, म्हणायचं."

चिमणाबाईला हसू आलं, पण ती सहजासहजी सोडणारी न्हाई. बयाबाईकडं वळून म्हणाली, "बघ, हिला चालतंय. मग तुलाच काय गं अडचण?"

"हिच्या आजीला कुणी चिंचेखाली उभी केली नव्हती," बयाबाई म्हणाली.

चिंचेची गोष्ट त्या हॉलात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. पण काय म्हणायचंय, ते सगळ्यांना कळलं असावं. चिमणाबाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि म्हणाली, "चला, उभ्या राहा गं. दिलशाद, खालच्या पट्टीत धर. वर गेलीस तर मला झेपत न्हाई."

आणि काय सांगू, मंडळ सुसाट सुटलं! दिलशादनं नमन म्हणायचं, त्याच्या शेवटच्या टाळीवर बयाबाईनं ओळ उचलायची. "सासू गेली नळाला, भांडण आणलं घागरीत," हे बयाबाईनं स्वतः जुळवलेलं गाणं. पहिल्यांदा म्हटलं तवा चिमणाबाई हसून हसून खालीच बसली, कारण तिच्या सुनेनं ते ऐकलं आणि नको तेवढ्या जोरानं टाळी दिली. मी भिंतीला टेकून बघत होते. बरं वाटत होतं. म्होरकीपण मी सोडलं होतं, पण अजून ते लोकांसमोर सुटलं नव्हतं.

महोत्सवाच्या दिवशी चार वाजताच मैदानावर गेलो. हिरवी नऊवारी, नथ, केसात अबोली. बयाबाईची नऊवारी निळी. चिमणाबाई म्हणाली, "सगळ्या हिरव्या आणि तू निळी?" बयाबाई म्हणाली, "म्होरकी उठून दिसायला नको?" यावर काय बोलणार?

मैदान नुसतं फुललं होतं. स्टेजवर गुजरीच्या सराफ बाजारातल्या बायकांचा गरबा चालला होता, बाजूला चंदगडकडचं एक पथक पायात घुंगरं बांधत होतं, मर्दानी खेळाच्या पोरी लाठ्या घेऊन उभ्या होत्या. नेपाळी वॉचमन लोकांचंबी एक पथक होतं, त्यांच्या बायका लाल साड्यात एवढ्या छान दिसत होत्या, की आमच्यातली एक त्यांच्यासोबत फोटो काढून आली.

विश्वजित हातात माईक घेऊन पळत होता. पोरगं वाईट न्हाई, पण त्यानं एक घोळ करून ठेवला होता. कार्यक्रमाला शोभा यावी म्हणून प्रत्येक पथक 'अमुक समाजाची कला' म्हणून पुकारायचं ठरवलं होतं. शिरोळ तालुक्यातलं एक करबलचं पथक आलं होतं. करबल म्हणजे मोहरमची शोकाची गाणी, नाचत म्हणतात. यानं पुकारलं, "आता मुस्लिम समाजाची कला!" आणि स्टेजवर चढले फेटा बांधलेले पाटील. पाटलांनी माईक मागून घेतला आणि म्हणाले, "पावणं, आमच्या गावात मुसलमानाचं एकच घर हाय, आणि त्यातला म्हातारा मुंबईला पोराकडं गेलाय. करबल आम्हीच म्हणतो, वाडवडिलांपासनं." सगळं मैदान हसलं. विश्वजितच्या कपाळाला घाम आला.

मग तो आमच्याकडं आला. "वहिनी," तो संयोगिताला म्हणाला, "हिंदू समाज, झिम्मा-फुगडी. म्होरकीचं नाव सांगा."

"बयाबाई कांबळे," संयोगिता म्हणाली. "आणि गवराईचं नमन दिलशाद शिकलगार."

विश्वजितचा चेहराच उतरला. त्यानं आधी बयाबाईकडं बघितलं, मग दिलशादकडं, मग पुढच्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांकडं.

"वहिनी, तसं नको. समोर मोठी मंडळी बसल्यात. सगळं मोबाईलवर लाईव्ह चाललंय. गवराई मुसलमान बाईनं म्हटली, म्होरकीनं म्हटलीच न्हाई, याचा कोण काय अर्थ काढंल, सांगता येत न्हाई. दिवस बरे न्हाईत. आत्ताच पाटलांनी माझी फजिती केलीय. असं करा, तुम्हीच उभ्या राहा पुढं. दोन्ही गाणी तुम्हीच म्हणा. बाकी सगळ्या आहेतच की मागं."

दिलशादनं पदर डोक्यावर ओढून घेतला. "राहू दे, आक्का," ती म्हणाली. "मी मागं उभारते. उगं कार्यक्रमाला गालबोट नको."

बयाबाईनं केसातनं अबोलीचा गजरा काढला, संयोगिताच्या हातात दिला आणि म्हणाली, "मी खाली बसून बघते. तुमचं होऊ दे." आणि वळली. इतकी शांतपणे वळली, की विश्वजितला वाटलं प्रश्न सुटला. तो "थँक्यू मावशी," असंसुद्धा म्हणाला.

बयाबाई कुठं निघाली होती, ते मला दिसत होतं. मैदानाच्या कडेला, गर्दीच्या पार मागं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आजवर मी पुष्कळ भांडले असेन, दूधवाल्यांशी, गाडीवाल्यांशी, नळावर. पण असा राग मला आयुष्यात आला नव्हता. आणि नरड्यात आवाज न्हाई!

मी विश्वजितच्या हातातला माईक काढून घेतला. काढून म्हणजे हिसकावलाच. स्टेजच्या पायऱ्या चढले. माईक तोंडाला लावला. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, म्हणून जेवढी हवा होती तेवढी सोडली. आणि तो फुसका आवाज त्या कर्ण्यांतनं असा निघाला, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा भेळवाला मान वर करून बघायला लागला. मला ठाऊकच नव्हतं. आयुष्यभर मी उगं ओरडत होते.

"मी आक्काताई पोवार," मी म्हटलं. "माझ्या घशाचं ऑपरेशन झालंय. मला बोलायला बंदी हाय, म्हणून एकदाच सांगते. आमचं मंडळ कुठल्या समाजाचं न्हाई, गल्लीचं हाय. आजपासनं आमची म्होरकी बयाबाई कांबळे. ती गवराईचं गाणं म्हणत न्हाई, तिला पटत न्हाई. ते दिलशाद शिकलगार म्हणणार हाय, तिला पटतंय. ज्या कुणाला यातलं काय पटत नसंल, त्यानं माझ्या घरी यावं. पण तीन महिने झाल्यावर या. तवा मला नीट भांडता येईल."

मागनं कुणीतरी ओरडलं, "नाद खुळा, काकी!" आणि शिट्ट्या सुरू झाल्या. पाटील फेटा सावरत टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेतल्या मोठ्या माणसांनी इकडंतिकडं बघितलं आणि त्यांनीबी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवायला लागल्यावर बसून राहणार कशी?

घसा असा पेटला होता, जणू मिरच्या कोंबल्यात. मी स्टेजवरनं बयाबाईला हात केला. ती गर्दीत थांबली होती. जागची हलेना. मी परत हात केला. संयोगिता पळत गेली, तिच्या केसात गजरा माळला आणि तिला घेऊन आली. बयाबाईचे डोळे लाल झाले होते. माझ्याजवळ येऊन ती दबक्या आवाजात म्हणाली, "कुणी सांगितलं होतं तुला बोलायला? आवाज गेला म्हणजे?" मी तिला पहिल्या जागेवर उभी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या जागेवर उभारले.

दिलशादनं सुरुवात केली. "गवराई आली बांधावरनं, पाऊल भिजलं दवानं." गर्दी बघून बिचारी घाबरली होती. सूर नितळ लागला, पण ओळ पळायला लागली. मागनं झेलणाऱ्या बायका तिच्यामागं पळायला लागल्या. चिमणाबाईचा पाय चुकला. मला वाटलं, आता सगळं कोसळतंय.

मला गाता येत नव्हतं. माझं तोंड मिटलेलं होतं. शेजारी बयाबाईचंबी मिटलेलं होतं. आम्ही दोघी त्या भर मैदानात गप उभ्या. आणि इतकी वर्षं मी स्वतःच गात असायचे आणि आता हॉलात लांब भिंतीशी बसायचे, म्हणून जे मला कधी ऐकू आलं नव्हतं, ते ऐकू आलं. बयाबाईची टाळी. दिलशादच्या ओळीच्या खाली, एकसारखी, न हलणारी, ठाम. बाकीच्यांच्या टाळ्या पुढं पळत होत्या आणि ही एक टाळी त्यांना ओढून जाग्यावर आणत होती. दोन ओळींतच चिमणाबाईचा पाय सुधारला. चौथ्या ओळीला दिलशाद शांत झाली. सगळ्या जणी एका टाळीवर आल्या, आणि नमन असं संपलं की मैदान थरारलं. मी माझी टाळी तिच्या टाळीत मिसळली तवा माझ्या हातावर काटा आला.

मग बयाबाईनं ओळ उचलली. "सासू गेली नळाला..." आणि पुढं काय झालं ते सांगायला नको. भेळवाला दुकान सोडून पुढं आला होता. एवढंच सांगते.

खाली उतरल्यावर सगळ्या बायका फोटोला पळाल्या. विश्वजित येऊन दोनदा सॉरी म्हणून गेला. मी आणि बयाबाई स्टेजच्या मागं दोन खुर्च्यांवर टेकलो. घशातनं हवासुद्धा धड निघत नव्हती, तरी मला राहवलं न्हाई. तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "इतकी वर्षं गवराईच्या ओळीला तू गप उभारून काय करत होतीस गं?"

"काय करणार?" बयाबाई म्हणाली. "गवराईला तुम्ही सगळ्या भक्तीनं डोळे मिटता आणि पळायला लागता. तू सुद्धा. म्हणून मी टाळी धरून तुम्हाला सांभाळत होते." मग तिनं माझ्या मांडीवरची पाण्याची बाटली उचलली, टोपण उघडून आधी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आता एक शब्दबी बोलू नको."